चारशे चारच्या आड

"अण्णा, मी शालन आलेय रे," दारावरच्या पेटीजवळ तोंड नेऊन शालन म्हणाली. शेवटचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत पेटीवर लाल आकडा उमटला. चारशे चार.

मागच्या खेपेला हाच आकडा आला होता. त्याच्या मागच्या खेपेलाही हाच.

चारशे चार म्हणजे काय, हे आता बार्शीतल्या भाजीवालीलाही ठाऊक होतं. सापडत नाही. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात तुम्ही शिल्लक नाही. ज्या घरात विसरण्याचा आजार शिरला, त्या घराच्या चौकटीवर अशी पेटी बसायची आणि आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी. बाहेरच्यानं नाव सांगायचं, पट्टीनं आतल्या माणसाला विचारायचं आणि पेटीनं आकडा दाखवायचा. दोनशे आला तर दार उघडायचं. चारशे चार आला तर माणसानं चपला पायात सरकवून परत फिरायचं.

शालन परत फिरली नाही. परांड्याहून बसनं येऊन तिचे गुडघे बोलत होते. ती पायरीवरच बसली.

आतून सून बाहेर आली. सून म्हणजे भाच्याची, समाधानची बायको धनश्री. समाधान समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, दोन-दोन महिने घरी नसायचा. भावजय जाऊन बरीच वर्षं झालेली. तेव्हा अण्णाचं, शालनच्या थोरल्या भावाचं, निवृत्ती बारंगुळे या माणसाचं खाणं, पिणं, औषध, सगळं एकट्या धनश्रीच्या हातात. तिच्या हातात चहाचा कप होता.

"आत्या, परत तेच आलं का हो?" ती हळू आवाजात म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. आजारच तसा आहे."

"तुला काय येतं गं?"

"मला?" धनश्रीनं पदर नसलेल्या खांद्यावरचा पदर सारखा केल्यासारखं केलं. "मी घरातलीच की. मला कशाला विचारते पेटी."

शालननं चहा घेतला. सुनेनं डोळ्याला डोळा दिला नव्हता, हे तिनं बरोबर टिपलं.

तेवढ्यात एक तरणा माणूस पाठीला पिशवी लावून आला. पेटीसमोर उभा राहून म्हणाला, "नमस्कार काका, मी व्यायाम घ्यायला आलोय. पहिल्यांदाच."

पेटीवर हिरवा ठिपका फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. त्या माणसानं घाम पुसला, मोबाईल पाहिला, शालनकडे बघून हसला. तिच्या चहावर साय धरली तरी ठिपका फिरतच होता. मग कुठं लाल आकडा आला. चारशे चार.

"येणारच," तो म्हणाला. "त्यांनी मला कधी पाहिलंय?" त्यानं स्मृती केंद्राचं ओळखपत्र पेटीला लावलं आणि आत गेला.

शालन कपातल्या सायीकडे बघत राहिली. त्या परक्या पोराला 'नाही' म्हणायला अण्णाला एवढा वेळ लागला. आणि पाठच्या बहिणीला 'नाही' म्हणायला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही? ज्याला शोधून सापडत नाही, त्याला आधी शोधावं तर लागतं ना? कुठंतरी पाणी मुरत होतं.

*

या पेट्या-पट्ट्या बसवणाऱ्या स्मृती केंद्रात आकड्यांचं काम मुजावर मॅडम बघायच्या. मुजावर मॅडम म्हणजे चाळिशीची, हसऱ्या तोंडाची बाई. शालनला खुर्ची देऊन त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला.

"मावशी, आधी एक समजून घ्या. पट्टी मन वाचत नाही. मन वाचणारी पट्टी असती तर माझं लग्नच झालं नसतं."

"मग काय वाचते?"

"ओळख. ओळखीचा आवाज कानावर पडला, की डोक्यात एक लाट उठते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात. आपण 'अगं बाई, हा तर अमका' म्हणायच्या आधी ती लाट उठून गेलेली असते. ती खोटी आणता येत नाही, दाबताही येत नाही. पट्टी तीच पकडते. त्या लाटेपाठोपाठ छाती धडधडली, दात आवळले, मान हलली, तर तेही टिपते."

"आणि हे आकडे कुणी शोधले? सरळ हो-नाही सांगायला काय झालं होतं?"

"हे जुने आहेत, इंटरनेटचे. तुम्ही एखादं पान मागता ना, तेव्हा पलीकडचं यंत्र आधी आकडा पाठवतं, मग पान. पहिला अंक बघायचा. दोन असला तर मागितलेलं मिळालं. तीन असला तर ते इथं नाही, दुसरीकडं जा. चार असला तर मागणाऱ्याचं काहीतरी चुकलं. पाच असला तर देणाऱ्याचंच बिघडलंय. पट्टी बनवणाऱ्या पोरांना हे पाठ होते, त्यांनी तेच उचलून माणसाला लावले. अण्णा थकून झोपले असतील तर पाचशे तीन येतो. आत्ता जमत नाही, मग या."

"म्हणजे चारशे चार आला तर चूक माझी? त्यानं मला विसरायचं आणि खोट माझ्यात?"

मुजावर मॅडम म्हणाल्या, "आकड्यांच्या हिशेबानं तसंच. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता."

"आणि तीन?"

"तीनशे दोन फार येतो. माणूस ओळखीचं वाटतं, पण भलत्याच नावावर जातं. आमच्याकडचे एक आजोबा बायकोला शाळेतल्या बाई समजतात. रोज गृहपाठ दाखवतात. ती बिचारी तपासते."

शालनला हसू आलं, पण ती आपला धागा सोडणारी नव्हती. "मला सांगा, माझा चारशे चार झटक्यात का येतो? त्या व्यायामवाल्याचा येता येत नव्हता."

मुजावर मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी उठून खोलीचं दार लोटलं.

"किती झटक्यात?"

"मी तोंड मिटायच्या आत."

"नाही म्हणजे..." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "लाट उठली नाही, तर पट्टी तो आवाज परत ऐकवते. नाव ऐकवते, गाव ऐकवते, जुना फोटो समोरच्या भिंतीवर दाखवते. हरप्रकारे शोधून झाल्यावर मगच हात टेकते. खरा चारशे चार सावकाश येतो, मावशी."

"मग माझा खोटा आहे?"

"आणखी एक आकडा असतो. चारशे तीन. त्याचा अर्थ, आहे, मी ओळखलं, पण आत येऊ देणार नाही. हा नकार. हा लगेच येतो, कारण शोधायचं काही नसतंच. पण दारावर नकार दिसला की भावाभावांत डोकी फुटतात. म्हणून सांभाळणाऱ्याला एक मुभा दिलीय. नकार आला तर बाहेर चारशे चार दाखवायचा. इंटरनेटवरही असं करतात. आत तिजोरी आहे हेच चोराला कळू नये, म्हणून 'इथं तिजोरीच नाही' असं उत्तर द्यायचं."

"आमच्या दाराला ती मुभा लावलीय?"

"ते मला सांगता येत नाही."

"सांगितलंस की गं बाई."

मुजावर मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी काही बोलले नाही. पण सोमवारी अण्णांच्या ओळखीच्या माणसांच्या यादीची तपासणी आहे. ज्यांना सारखा चारशे चार येतो, त्यांना आम्ही कमी करतो. अनोळखी माणसं सारखी दारात आली, तर पेशंट बिथरतात. एकदा कमी झालात की पेटी तुमचा आवाज आत नेणारच नाही. मग अण्णांना तुम्ही आलात हेही कळणार नाही. काय ते सोमवारच्या आत बघा."

*

बसस्टँडवर बसून शालननं विचार केला. अण्णा आपल्याला नाही म्हणेल? आपल्या बाळंतपणाला सायकलवर डिंकाचे लाडू घेऊन आलेला माणूस? त्याचं बहिणीशी कधी वाकडं आलं नव्हतं. नकार अण्णाचा नव्हताच. कुणीतरी त्याचं मन फिरवलं होतं. नाहीतर पट्टीच फिरवली होती. समाधान घरी नाही, अण्णाला कळत नाही, आणि घरात एकटी सून. तिला काय लपवायचंय? अण्णाला खायला घालते की नाही? शालनच्या मनात नको नको ते यायला लागलं, आणि एकदा संशयाला पाय फुटले की तो बसस्टँडवर थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ती न कळवता आली. पुढच्या दारानं गेलीच नाही. घराच्या डाव्या अंगाला एक बोळ होता, तिथं पूर्वी अण्णाच्या, पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करायच्या दुकानाची जळकी तार पडलेली असायची. बोळात अण्णाच्या खोलीची खिडकी उघडत होती. शालन भिंतीला चिकटून उभी राहिली. या वयात बोळात उभं राहून चोरून ऐकायचं म्हणजे जनाची नाही तरी मनाची वाटायला हवी. पण तिला वाटली नाही.

आतून अण्णाचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"शालू! ए शालू!"

शालन खिडकीकडं सरकली. तिचं नाव! डोक्यात शिल्लक नाही म्हणतात, आणि तिच्याच नावानं हाक मारतोय. तोंडावर आलेली 'ओ' तिनं गिळली, कारण तेवढ्यात आतून दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली.

"आले, अण्णा."

"जेवलीस का?"

"तुम्ही जेवल्याशिवाय कशी जेवेन?"

"तुझं हे नेहमीचंच. उपाशी राहून कामं करायची आणि मग चक्कर येऊन पडायचं. बस इथं. आधी तू खा."

भांड्याचा आवाज झाला. शालननं खिडकीच्या फटीतून पाहिलं. अण्णा कॉटवर बसला होता, अंगानं भरलेला, दाढी केलेली, कपाळावर पट्टी. समोर धनश्री बसली होती आणि तो तिला हातानं घास भरवत होता.

मागच्या दारानं धनश्री खरकटं टाकायला बाहेर आली, तेव्हा शालन तिथं उभी होती. धनश्रीच्या हातातलं ताट कलंडलं.

"कधीपास्नं माझं नाव लावतेस?" शालन म्हणाली.

"आत्या, हळू बोला. ते ऐकतील."

"ऐकू दे की! घर घे म्हणावं, भांडी घे, पण माणसाचं नाव चोरतेस? मला दारावर मेलेली दाखवतेस?"

"मी नाव घेतलेलं नाही. त्यांनी दिलं." धनश्रीनं ताट खाली ठेवलं. "उन्हाळ्यात एक दिवस ते मला शालू म्हणाले. पट्टी तपासली तर तीनशे दोन. माझ्याकडे बघतात आणि तुमच्यापाशी जातात. आजच्या तुमच्यापाशी नाही, वीस वर्षांच्या. लग्नाआधीच्या."

"मग मी आल्यावर?"

"तुमचा आवाज ऐकला की लाट उठते. केवढी उठते, मी स्क्रीनवर पाहिलीय. आणि मग तुम्ही म्हणता, 'मी शालन.' ते आत बघतात, तर शालू स्वयंपाकघरात. मग दारातली ही म्हातारी कोण? ते भडकतात. म्हणतात, कुणीतरी ठग बाई शालूचा आवाज काढून आलीय, पोरीला पळवून नेईल. कडी लाव म्हणतात. चारशे तीन."

शालन बोळाच्या भिंतीला टेकली. संशय घेऊन ती इथवर आली होती, आणि आत बसलेला भाऊ तिचाच संशय घेत होता.

"मग तसं सांगायचंस मला."

"कसं सांगू? माहेरवाशीण दारात आलीय आणि दारावर 'आत येऊ देणार नाही' असं लावू? माझ्या आजीनं मला एवढं एक शिकवलं होतं, माहेरी आलेल्या बाईला उंबऱ्यावरून नाही म्हणायचं नाही. मला वाटलं, विसरले म्हटलं तर दोष आजाराला जाईल. नकाराचा दोष कुणाला द्यायचा?"

"विसरलेलं चालंल असं तुला वाटलं?" शालन म्हणाली. "अगं, नकार द्यायला तरी मी तिथं असावी लागते. विसरल्यावर मी उरतेच कुठं?"

धनश्रीनं सांडलेलं खरकटं ताटात गोळा केलं.

"आणि सोमवारी मला कमी करणार होते. ते ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"आणि तरी गप्प बसलीस. ही माहेरवाशिणीची रीत व्हय?"

धनश्रीनं तोंड फिरवलं. बोलली, ती भिंतीशी बोलल्यासारखी. "मला माहेर नाही, आत्या. आई नाही, बाप कुठं आहे ठाऊक नाही. आजी होती तीही गेली. जेवलीस का, असं मला या घरात कुणी विचारलं नव्हतं. समाधान चांगले आहेत, पण ते पैसे पाठवतात, विचारत नाहीत. अण्णा रोज विचारतात. तुम्ही आत आलात आणि त्यांना खरं कळलं, तर मी कोण उरणार? नर्स?"

शालनच्या तोंडावर एक सणसणीत उत्तर आलं होतं. पण मघाशी खिडकीतून पाहिलेला तो घास तिला दिसत राहिला. असा घास तिनंही एकेकाळी त्याच हातानं खाल्ला होता.

"ती मुभा काढ," ती म्हणाली. "दारावर खरं दिसू दे."

"नकार दिसेल."

"दिसू दे."

*

शालन पुढच्या दाराशी आली. धनश्रीनं मोबाईलवर मुभा काढली आणि दार किलकिलं ठेवून ती शेजारी उभी राहिली. शालन पेटीसमोर वाकली आणि म्हणाली, "अण्णा, मी शालन."

चारशे तीन.

आतून आवाज आला, "शालू, कडी लाव! ती बया आली परत!"

शालन त्या आकड्याकडे बघत राहिली. लाल होता, कडक होता. पण या आकड्यात ती होती. तिच्या आवाजानं आत काहीतरी हललं होतं. तिनं डोळे पुसले, आणि मग तिच्या डोक्यात एक विचार आला. त्याला आपला आवाज चालतो. चालत नाही ते आपलं नाव.

ती पुन्हा वाकली. "नमस्कार," ती म्हणाली. "मी तुमच्या शालूकडं आलेय. तिला भेटायचंय."

हिरवा ठिपका एकदा फिरला.

"शालू," अण्णा आतून म्हणाला, "तुझ्याकडं कोण आलंय बघ. दारात उभं ठेवू नको."

दोनशे.

"पाहुणी म्हणून नोंदवू का?" धनश्रीनं कुजबुजत विचारलं. "म्हणजे सोमवारी कमी होणार नाही."

"नोंदव. आणि चहा टाक, शालू."

ते नाव आपल्याच तोंडून सुनेला देणं शालनला सोपं नव्हतं. पण दिलं ते दिलं.

आत कॉटसमोरच्या खुर्चीवर ती बसली. अण्णानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नजर जुन्या कारागिराची, मोटार उघडायच्या आधी ती कानानं ऐकणाऱ्याची.

"कुठल्या तुम्ही?"

"परांड्याची."

अण्णा ताठ झाला. दाराकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "परांड्याच्या? मग बरं झालं. तुम्हाला माहीत असेल. आमच्या शालूला परांड्याचं स्थळ आलंय. शेळक्यांचं. कापडाचं दुकान आहे. लोक म्हणतात, सोन्यासारखं घर. पण लोक काय, जेवणावळीला येतात आणि जातात. मला काही पटत नाहीय. मुलगा कसा आहे?"

शेळके. शालनचा नवरा. त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली. त्याच्याबद्दल या भावानं जन्मभर विचारलं होतं, दर राखीला, दर दिवाळीला, 'बरं चाललंय ना गं?' आणि जन्मभर तिनं एकच उत्तर दिलं होतं. बरं चाललंय. तिनं नाही म्हटलं असतं, तर ह्यानं पकड-पाने टाकून परांडा गाठलं असतं. म्हणून तिनं कधी म्हटलं नाही.

"खरं सांगा," अण्णा म्हणाला. "तुम्ही ना आमच्या, ना त्यांच्या. तुम्हाला खोटं बोलून काय मिळायचंय?"

धनश्री चहा घेऊन उंबऱ्यात थबकली होती.

"माणूस कष्टाळू आहे," शालन हळूहळू म्हणाली. "दुकान चांगलं चालवील. व्यसन नाही."

"आणि?"

"सासू बोलून बोलून जीव खाईल."

"सासवा बोलतातच. आणि?"

शालननं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. "हात उचलतो."

अण्णाचे दात आवळलेले तिला दिसले. कपाळावरची पट्टी नुसती लुकलुकत होती, तिच्यावर आकडा दिसत नव्हता.

"तुम्ही डोळ्यानं पाहिलंत?"

"पाहिलंय."

"एकदा?"

"एकदा नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्या नजरेत संशय होता की आणखी काही, शालनला सांगता आलं नसतं. मग त्यानं मांडीवर थाप मारली.

"मग नाही," तो म्हणाला. "शालू, ऐकलंस का? परांड्याला तुला द्यायची नाही. दादा, काका, मामा, कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे. मी नाही म्हणून सांगतो. शेळके दारात आले, तर त्यांच्याशी मी बोलेन. तू बाहेर यायचं नाहीस."

"बरं, अण्णा," धनश्री म्हणाली.

"आणि या बाईंना चहा दे की. केव्हाच्या बसल्यात. परक्या असून पोरीसाठी एवढं बोलल्या."

कप शालनच्या हातात आला. इतक्या वर्षांनी तिचं लग्न मोडलं होतं, आणि ते मोडणारा माणूस समोर ताठ बसून दाराकडं लक्ष ठेवून होता. तिनं चहा बशीत ओतला आणि फुरका मारून प्यायली.